उत्तम ध्वनिमुद्रणाच्या जॅझ एलपी कशा शोधाव्यात

एकाच जॅझ अल्बमच्या दोन एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकड्या, पाठोपाठ लावून पाहा. एकीवर डबल बेसची तार बोटाखाली थरथरताना ऐकू येते, दुसरीवर नुसतीच घुमघुम. वादक तेच, टेपही तीच, मग फरक येतो कुठून? आवाज तुमच्या सुईपर्यंत येतो तो चार टप्प्यांतून: स्टुडिओतले ध्वनिमुद्रण, टेपवरून खाच कापण्याचे काम म्हणजे कटिंग, कारखान्यात साच्यातून तबकडी दाबणे म्हणजे प्रेसिंग आणि हातातल्या प्रतीची आजची अवस्था. यातला एक टप्पा फसला की बाकीचे तीन कामी येत नाहीत. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते ‘पहिले प्रेसिंग’ या दोन शब्दांपायी. खरे तर पैसे मोजावेत ते कटिंगला आणि प्रतीच्या अवस्थेला.

१. आधी ध्वनिमुद्रकाचे नाव शोधा

कव्हर उलटे करा. मागच्या मजकुरात, बहुधा अगदी तळाला, ध्वनिमुद्रण कोणी केले ते बारीक अक्षरांत दिलेले असते. वादकांच्या यादीइतकेच ते नाव महत्त्वाचे.

पहिले नाव अर्थातच रूडी व्हॅन गेल्डर. १९५९च्या मध्यापर्यंत ते न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत ध्वनिमुद्रण करत. त्यानंतर इंगलवुड क्लिफ्सला त्यांनी उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधला. ब्लू नोट, प्रेस्टीज आणि पुढे इम्पल्स या कंपन्यांचे ढीगभर काम त्यांच्या हातचे आहे. जॉन कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ (१९५७) हॅकेनसॅकचा, तर ‘अ लव्ह सुप्रीम’ (१९६४) इंगलवुड क्लिफ्सचा. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट अगदी जवळ, अंगावर येतील असे ऐकू येणे ही त्यांची खूण. पियानो मात्र पुष्कळदा खोक्यात बंद केल्यासारखा वाटतो. तो दोष मुळातच असल्यामुळे, तो घालवण्यासाठी एकामागून एक प्रती घेत बसू नका.

पियानो आणि ड्रम्स नैसर्गिक हवे असतील तर लॉस एंजेलिसच्या काँटेम्पररी कंपनीकडे वळा. तिथे रॉय ड्युनान हे कंपनीच्या मालाच्या खोलीत ध्वनिमुद्रण करत. सनी रोलिन्सचा ‘वे आउट वेस्ट’ आणि आर्ट पेपरचा ‘मीट्स द रिदम सेक्शन’, दोन्ही १९५७चे, आजही आवाजाचे नमुने म्हणून वाजवावेत असे आहेत. नव्या श्रोत्याने सुरुवात इथूनच करावी. या अल्बमच्या साध्या पुनर्मुद्रित प्रतीही सहसा चांगल्या वाजतात.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीचा ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ एका जुन्या चर्चच्या इमारतीत होता. त्या दालनाची आस, म्हणजे सूर थांबल्यावरही मागे रेंगाळणारा नाद, ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि ‘टाइम आउट’ (दोन्ही १९५९) या अल्बमांत स्पष्ट ऐकू येते. प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण आवडत असेल, तर बिल एव्हान्स त्रयीने २५ जून १९६१ला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलेल्या संगीताला तोड नाही. ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हे दोन्ही अल्बम त्याच दिवसाचे. पुढच्या काळात म्युनिकच्या ईसीएम कंपनीने (स्थापना १९६९) मोकळ्या, लांब आसेचा वेगळाच आवाज घडवला. त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांमागे ओस्लोचे यान एरिक कोंग्सहाउग होते. जपानच्या थ्री ब्लाइंड माइस कंपनीच्या एलपीही नावाजलेल्या आहेत, पण त्यांतला आवाज अगदी मायक्रोफोनला कान लावल्यासारखा असतो. तो सगळ्यांना रुचेलच असे नाही.

२. मोनो की स्टिरिओ, हे त्या अल्बमपुरते ठरवा

मोनोत सगळा आवाज एकाच वाटेने येतो, स्टिरिओत डाव्या-उजव्या अशा दोन वाटांनी. स्टिरिओ एलपी बाजारात रुळल्या १९५८पासून. सुरुवातीच्या स्टिरिओत वाद्ये दोन टोकांना ढकललेली असतात, म्हणजे सॅक्सोफोन डावीकडे, ड्रम्स उजवीकडे आणि मध्ये पोकळी. स्पीकरवर हे चालून जाते, हेडफोनवर टोचते.

ब्लू नोटबाबत एक बारकावा पैसे वाचवतो. १९५७-५८च्या सुमारास मोनो आणि स्टिरिओ अशा दोन वेगळ्या टेप एकाच वेळी चालत. १९५८च्या अखेरीनंतर फक्त दोन-ट्रॅक टेप राहिली आणि मोनो एलपी तिचेच दोन्ही ट्रॅक एकत्र करून निघू लागली. त्यामुळे १९६२च्या अल्बमची मोनो प्रत ‘अस्सल मोनो’ म्हणून चढ्या भावाने कोणी देत असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजायचे कारण नाही.

मूळच्या मोनो टेपवर यंत्राने केलेल्या नकली स्टिरिओपासून दूरच राहा. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिक’ आणि ‘स्टिरिओ’ हे शब्द एकाच ओळीत दिसले की ती प्रत परत ठेवा. तिच्यात आवाज धूसर आणि पोकळ होतो.

३. डेड वॅक्स वाचायला शिका

शेवटची रचना संपते तिथून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्याला डेड वॅक्स म्हणतात. एलपीची खरी जन्मपत्रिका तिथे असते. कव्हर बदलता येते, स्टिकर नवा चिकटवता येतो, पण तिथली अक्षरे साच्यातूनच उतरलेली असतात.

मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि एलपी हळूहळू फिरवा. वरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. दिसेल ते सगळे उतरवून घ्या: छापील आकडे, हाताने कोरलेली अक्षरे, बारीक चिन्हेसुद्धा. इंग्रजी ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असेल, तर कटिंग खुद्द व्हॅन गेल्डर यांचे. ‘केपीजी’ म्हणजे केव्हिन ग्रे, ‘बीजी’ म्हणजे बर्नी ग्रंडमन, ‘आरएल’ म्हणजे रॉबर्ट लुडविग. जुन्या ब्लू नोटवर कानाच्या आकारासारखे दिसणारे वळणदार ‘पी’ असेल, तर ती प्लॅस्टिलाइट कारखान्यात दाबलेली आहे.

इथेच एक चांगला सौदा दडलेला असतो. लिबर्टी कंपनीने १९६०च्या दशकाच्या मध्यावर ब्लू नोट विकत घेतल्यावर तो ‘पी’ नाहीसा झाला, पण बऱ्याच एलपी व्हॅन गेल्डर यांच्या जुन्याच कटिंगवरून दाबल्या जात राहिल्या. म्हणजे खाच तीच, फक्त कारखाना वेगळा. संग्राहकांना ‘पी’ हवा असतो, म्हणून अशा प्रती बऱ्याच स्वस्त मिळतात. ऐकण्यासाठी घेणाऱ्याने याच शोधाव्यात.

उतरवलेला क्रमांक डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर त्या अल्बमच्या निरनिराळ्या आवृत्त्यांशी ताडून पाहा. एखादे अक्षर जुळले नाही तर आवृत्ती वेगळी असू शकते.

४. जुनी घ्यायची की नवी?

पहिले प्रेसिंग म्हणजे उत्तम आवाज, हे सरसकट खरे नाही. त्या काळच्या साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून कटिंग करताना खर्ज आवरता घेत. ‘काइंड ऑफ ब्लू’चे तर मूळ एलपीवर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचनांचे सूर किंचित चढे लागतात, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेप यंत्र हळू चालत होते, आणि अशी टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर वर सरकतात. ही चूक १९९२च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. बरोबर पट्टीत ऐकायचे असेल तर दुरुस्तीनंतरची आवृत्तीच घ्यावी लागते.

मूळ टेपवरून, मध्ये डिजिटल टप्पा न आणता केलेली नवी कटिंगे आज सहज मिळतात. ब्लू नोटची टोन पोएट मालिका २०१९ला सुरू झाली. तिचे आणि त्याच कंपनीच्या स्वस्त क्लासिक व्हिनाइल मालिकेचे कटिंग केव्हिन ग्रे यांचे. आवाजात दोन्ही इतक्या जवळ आहेत की जाड कव्हराचा सोस नसेल तर स्वस्तातली घ्यावी. व्हर्व्ह आणि इम्पल्ससाठी अ‍ॅकूस्टिक साउंड्स मालिका पाहा. अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सच्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या एलपींवर खाच सुईखालून नेहमीच्या ३३⅓ फेऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त वेगाने सरकते, त्यामुळे झांजा आणि ट्रम्पेट अधिक स्वच्छ येतात. त्या बदल्यात एलपी सारखी पालटावी लागते.

नवे घेताना फसवणारी गोष्ट म्हणजे वजन. ‘१८० ग्रॅम’ हा प्लॅस्टिकचा हिशेब आहे, आवाजाचा नाही. युरोपात १९६३च्या आधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेले असल्यामुळे तिथल्या अनेक छोट्या कंपन्या कायद्याला धरून या एलपी काढतात, पण मूळ टेप त्यांच्याकडे नसते. बऱ्याचदा स्रोत म्हणजे एखादी सीडी. ओळखायची खूण सोपी: कव्हरवर रंग, वजन, ‘विशेष आवृत्ती’ सगळे असते, फक्त कटिंग कोणी आणि कशावरून केले ते नसते. जिथे हे सांगितलेले नाही तिथे पैसे टाकू नका.

जपानी प्रेसिंगचे व्हिनाइल अतिशय शांत असते. पण कटिंग पुष्कळदा मूळ टेपच्या नकलेवरून झालेले असते, त्यामुळे वरचे सूर थोडे मऊ लागतात. खरखर अजिबात सहन होत नसेल तर हीच निवड योग्य.

५. प्रत हातात घेऊन तपासा

एकाच प्रखर दिव्याखाली उभे राहा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ओरखडे लपतात. एलपी कडांनी धरून डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि तिरकी करा. केसासारख्या बारीक रेषा बहुधा ऐकू येत नाहीत. बोटाच्या टोकाला अलगद जाणवणारा ओरखडा मात्र नक्की वाजतो. तो खाचांना आडवा गेला असेल तर ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर दर १.८ सेकंदाला ‘टक’ होते. पाच मिनिटांच्या रचनेत ओरखड्याने एक मिनिटाची जागा व्यापली असेल, तर तेहतीस टकटका.

ओरखड्यांपेक्षा वाईट दोष म्हणजे खाचेची झीज. वजनदार, बोथट सुईने वर्षानुवर्षे वाजवलेली एलपी चकचकीत काळी न दिसता करडी दिसते. पण कधी कधी ती आरशासारखी चमकते आणि तरी झिजलेली असते. म्हणून मधल्या भोकाभोवतीचे लेबल पाहा. तिथे करड्या बारीक रेघांचे जाळे असेल, तर एलपी प्लेअरच्या दांड्यावर शेकडो वेळा चढलेली आहे. दुकानात वाजवून पाहता येत असेल तर पहिली रचना लावूच नका. सुई थेट शेवटच्या रचनेत, ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन जोरात असेल तिथे टाका. आतल्या भागात खाच सुईखालून बाहेरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी वेगाने सरकते, त्यामुळे झीज तिथे आधी बोलते. सूर फाटत असेल तर कितीही धुतली तरी ती एलपी सुधारणार नाही.

मग सुईचा दांडा बाजूने पाहा. तो प्रत्येक फेरीला डावीउजवीकडे डुलत असेल, तर भोक मध्यावर नाही. लांबवलेला पियानोचा सूर अशा प्रतीवर हेलकावे खातो, आणि हा दोष नव्याकोऱ्या एलपीतही असतो. तेव्हा ती बिनदिक्कत परत करा.

६. दुरून मागवताना

विक्रेत्याला चारच गोष्टी विचारा. दर्जा वाजवून ठरवला की नुसता पाहून? दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्समधली पूर्ण अक्षरे कोणती? शेवटच्या रचनेत आवाज फाटतो का? एलपी वाकलेली आहे का? जॅझमध्ये एकट्या बेसचे, पियानोचे शांत प्रसंग फार, म्हणून ‘व्हेरी गुड’ या दर्जाला नावावर जाऊन भुलू नका. त्याचा अर्थ खरखर ठळक ऐकू येईल. ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली शक्यतो उतरू नये. आणि पाठवताना एलपी कव्हराबाहेर काढून, दोन्ही एकत्र बांधून पाठवायला सांगा. आत ठेवली तर प्रवासात तिची कड कव्हराची शिवण फाडते.

७. धुवा, मग निकाल द्या

जुनी एलपी न धुता ऐकून मत बनवू नका. डिस्टिल्ड पाण्यात एलपीसाठीच मिळणारे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. लेबल कोरडे ठेवून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, गोलाकार फिरवा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळाळून मायक्रोफायबरने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. नळाचे पाणी वापरले तर त्यातले क्षार खाचेत सुकतात आणि नवीच खरखर सुरू होते. धुतलेली एलपी जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, नवी आतली पिशवी वापरा. मोनो एलपी असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचे बटण असेल, तर ते दाबा. खाचेतल्या उभ्या थरथरीचा आवाज त्याने गळून जातो.

ऐकताना एका वेळी एकच वाद्य धरा. ‘वे आउट वेस्ट’च्या सुरुवातीला ड्रमवादक शेली मॅन घोड्याच्या टापांसारखा ठेका वाजवतात. तो लाकडावरचा लाकडाचा आघात वाटला पाहिजे. ‘टाइम आउट’वरच्या ‘टेक फाइव्ह’मधल्या ड्रम्सच्या एकल वादनात प्रत्येक ठोक्यामागे ३०व्या रस्त्यावरच्या त्या दालनाची आस विरत जाताना ऐकू यावी. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’त ड्रमवादक पॉल मोशन यांचे ब्रश ड्रमच्या कातड्यावरून फिरताना ऐका. नुसती ‘स्स्स’ ऐकू आली तर कटिंग किंवा सुई यांपैकी एकात गडबड आहे. मागच्या टेबलांवर ग्लास किणकिणतात, लोक बोलतात. चांगल्या प्रतीवर तो ग्लास पियानोच्या कोणत्या बाजूला आणि किती मागे वाजला, हे बोट दाखवून सांगता येते.