पीनट बटर कप घरी करताना चॉकलेट कसं सांभाळावं

मला विचाराल तर चॉकलेट-गोळ्यांत पीनट बटर कपाच्या, म्हणजे आत पीनट बटरचं सारण भरलेल्या छोट्या चॉकलेट-वाटीच्या, तोडीचं दुसरं काही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात हॅरी बर्नेट रीस यांनी १९२८ मध्ये तो बनवला. रीस पूर्वी चॉकलेट कारखानदार मिल्टन हर्शी यांच्या डेअरी फार्मवर नोकरीला होते. पुढे त्यांनी स्वतःचा धंदा काढला, पण वरचं चॉकलेट हर्शीचंच वापरलं. दुसऱ्या महायुद्धात साखर मिळेना, तेव्हा बाकीचे प्रकार बंद करून त्यांनी सगळा भर या एका कपावर दिला. १९५६ मध्ये ते गेले आणि १९६३ मध्ये त्यांची कंपनी हर्शी कंपनीत विलीन झाली.

घरी करायला ३०० ग्रॅम चांगलं मिल्क चॉकलेट, १५० ग्रॅम पीनट बटर, ६० ग्रॅम पिठीसाखर, १५ ग्रॅम मऊ लोणी आणि पाव चमचा मीठ घ्या. यात वीसेक छोटे कप होतात. चॉकलेट सोडून बाकी सगळं एकत्र मळलं की सारण तयार. मिठात काटकसर करू नका. मीठ कमी पडलं की सारण नुसतं गोड लागतं. सारण एवढं घट्ट हवं की बोटांनी गोळी वळता यावी. सैल वाटलं तर पिठीसाखर वाढवा.

खरी परीक्षा चॉकलेटची. कोकोआ बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठतं आणि त्यातला पाचवा प्रकारच चकाकी देतो, दाताखाली कट्‌कन तुटतो. तो मिळवायला थर्मामीटर लागतोच, अंदाजपंचे काम नको. २०० ग्रॅम चॉकलेट गरम पाण्याच्या वाफेवर ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवा. खाली उतरवून उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घाला आणि २७ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. मग पुन्हा जेमतेम ३० अंशांपर्यंत गरम करा, त्यापुढे नको. सुरीच्या टोकाला पातळ थर लावून बघा: चारपाच मिनिटांत तो चकचकीत घट्ट झाला, तर जमलं. या सगळ्यात भांड्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. एवढ्याशा ओलाव्यानेही चॉकलेट आळतं, रवाळ होतं आणि या कामातून जातं.

कागदी कपात चमचाभर चॉकलेट घालून ते कडांवर चढवा. घट्ट होऊ द्या. सारणाची गोळी चपटी करून ठेवा, पण कडेला जागा सोडा, म्हणजे वरचं चॉकलेट खालच्याला चिकटून कप बंद होतो. वरून चॉकलेट ओता आणि ताट दोनदा हलकं आपटा, बुडबुडे निघून जातात.

शेंगदाण्याचं तेल हळूहळू चॉकलेटमध्ये झिरपतं, त्याने कवच मऊ पडतं आणि वर पांढुरकी झाक येते. म्हणून पीनट बटर उघडल्यावर वर तरंगलेलं तेल आधी काढून टाका. कप थंड, कोरड्या जागी झाकून ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा.