बिअर्डेड ड्रॅगनच्या खाण्यातल्या या चुका टाळा

बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा घरी आला की आपण सगळे आधी यादी शोधतो: हे चालतं, ते चालत नाही. मीही तेच केलं होतं. यादी हवीच, पण तिच्यावर विसंबून राहिलं की एक गोष्ट नजरेतून सुटते. या सरड्यांना जडणारे कितीतरी आजार विषारी पदार्थांमुळे होत नाहीत. यादीत 'चालतं' असं लिहिलेला पदार्थच रोज, चुकीच्या वयात किंवा पुरेशा उजेड-उष्णतेशिवाय दिला जातो आणि तिथून दुखणं सुरू होतं. म्हणून कुठलाही पदार्थ देताना मी एकच प्रश्न विचारते: यातलं कॅल्शियम त्याच्या हाडांपर्यंत पोहोचणार आहे का?

पालक 'पौष्टिक' म्हणून रोज देणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यात ऑक्झलेटही भरपूर असतं. ते कॅल्शियमला आतड्यातच बांधून टाकतं, त्यामुळे बरंचसं कॅल्शियम अंगी न लागता बाहेर पडतं. बीटचा पाला आणि स्विस चार्ड यांचंही तेच. चुकून एखादं पान पोटात गेलं म्हणून घाबरू नका, पण ही पानं रोजच्या वाटीत नकोत.

रोजच्यासाठी मोहरीचा पाला, सलगमचा पाला, कॉलर्ड ग्रीन्स, एंडाइव्ह, डँडेलियनची पानं चांगली. निवडुंगाचे काटे काढलेले फड आणि जास्वंदीची फुलं त्यांना फार आवडतात. किसलेला लाल भोपळा किंवा ढोबळी मिरची थोडी रंगापुरती घालावी. फुलं-पानं फवारणी न केलेलीच हवीत. शोभेसाठी विकत आणलेल्या गुच्छातलं फूल कधीच देऊ नका.

केल, कोबी, ब्रोकोली यांच्याबद्दल उगाच भीती पसरली आहे. त्यांतले गॉयट्रोजेन थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात, पण तेव्हाच, जेव्हा रोज तेच खाऊ घातलं जातं. अधूनमधून चालतात. आइसबर्ग लेट्यूसमध्ये मात्र पाण्याखेरीज जवळपास काही नाही. पोट भरतं, पोषण होत नाही आणि शी पातळ होते.

लहानपणीचं जेवण मोठेपणीही चालू ठेवणं

पिल्लाला झपाट्याने वाढायचं असतं. त्याच्या आहारात साधारण 70 ते 80 टक्के किडे आणि उरलेला पाला असतो. वर्ष-दीड वर्षाचा होता होता हे प्रमाण उलटं व्हायला हवं. पण तोवर सरड्याला किड्यांची आणि आपल्याला त्याची शिकार बघण्याची सवय लागलेली असते. मोठ्या सरड्याला रोज पोटभर किडे दिले की आधी चरबी वाढते, मग यकृतावर ताण येतो. सततचं जास्त प्रथिन आणि कमी पाणी यांतून गाउटही (युरिक ॲसिड साठून सांधे दुखण्याचा आजार) होऊ शकतो. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा किडे पुरतात, पाला मात्र रोज.

'तो पाला खातच नाही' ही तक्रार मला अगदी जवळची आहे. माझ्या सरड्याने पहिले तीन आठवडे वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी सकाळी दिवा लागल्यावर आधी फक्त पाला ठेवायचा, किडे दुपारनंतर, आणि तेही एक दिवसाआड, असं सुरू केलं. पानं बारीक चिरली, वर जास्वंदीची लाल पाकळी ठेवली. रंगाने त्याचं लक्ष वेधलं आणि पाकळीबरोबर पानं तोंडात गेली. निरोगी प्रौढ सरड्याच्या बाबतीत असा धीर धरता येतो. पिल्लाला मात्र कधीही उपाशी ठेवून शिकवू नका.

किडे जसे आले तसे देणं

आहारात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम असावं. रातकिड्यांमध्ये नेमकं उलटं असतं, फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. डुबिया झुरळंही या बाबतीत पुरी पडत नाहीत. म्हणून दोन गोष्टी कराव्याच लागतात. किडे सरड्याला देण्याआधी 24 ते 48 तास त्यांना चांगला पाला आणि भाज्या खाऊ घालायच्या. यालाच गट लोडिंग म्हणतात. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. दुसरं, देताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायची. पिल्लांना जवळजवळ प्रत्येक किड्यांच्या जेवणाला, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. व्हिटॅमिन डी3 असलेली भुकटी आणि मल्टिव्हिटॅमिन मात्र जपून. जास्त डी3 आणि जास्त व्हिटॅमिन ए दोन्ही घातक, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक सरीसृपांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांमध्ये मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, हा त्यांचा मोठा गुण.

वॅक्सवर्म आणि सुपरवर्म या अळ्या चरबीने भरलेल्या असतात, त्या खाऊ म्हणूनच द्याव्यात. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले रातकिडे रात्रभर पिंजऱ्यात सोडू नका, झोपलेल्या सरड्याला ते चावतात.

बाहेर सापडलेला किडा 'नैसर्गिक' म्हणून देणं

बाहेरच्या किड्यांमध्ये कीटकनाशक आणि परजीवी असू शकतात. पण खरी धास्ती काजव्याची आहे. काही काजव्यांच्या अंगात ल्युसिब्युफॅजिन नावाचं विष असतं, ते हृदयावर परिणाम करतं. एका काजव्यानेही बिअर्डेड ड्रॅगन दगावू शकतो. तोंड उघडं पडतं, अंग काळपट होतं आणि थोड्याच वेळात सगळं संपतं. काजवा खाल्ल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

अजिबात न द्यायच्या गोष्टी थोडक्यात: ॲव्होकॅडो, रुबार्ब, कांदा, लसूण, दूध आणि दुधाचे पदार्थ, चॉकलेट, मीठ-मसाल्याचं माणसांचं जेवण. कुत्र्या-मांजरांचं खाणंही नको. फळं गोड असतात, म्हणून आठवड्यातून एखादा छोटा तुकडा पुरे. संत्र्या-लिंबासारखी आंबट फळं टाळलेली बरी.

वाटी बरोबर, दिवा चुकीचा

बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला, कडक उन्हात अंग शेकणारा. यूव्हीबी किरणांशिवाय (उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांशिवाय) त्याच्या त्वचेत डी3 तयार होत नाही आणि डी3 नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम शोषलं जात नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबीची नळी उजेड देत राहते, पण तिचे किरण हळूहळू कमी होतात. म्हणून उत्पादकाच्या सांगण्यानुसार सहा महिने ते वर्षभराने ती बदलायची. शेकण्याच्या जागी 38 ते 42 अंश सेल्सियस हवं, नाहीतर अन्न पचतच नाही. याच कारणाने दिवे मालवण्याआधीच्या दोन तासांत खायला देऊ नये.

काही बिघडलं तर कुठे बघायचं

बोटं किंवा पाय थरथरणं, जबडा मऊ लागणं, पाय वाकणं ही कॅल्शियमच्या कमतरतेची, हाडांच्या आजाराची चिन्हं. इथे घरगुती उपाय करत बसू नका, एक्स-रे आणि रक्ततपासणी लागते. शीमध्ये न पचलेला पाला दिसला तर आधी शेकण्याच्या जागेचं तापमान मोजा. शीबरोबरचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी झाला असेल तर पाणी कमी पडतंय, पाला ओला करून द्या. पातळ शी फळं आणि पाणीदार भाज्या बंद करूनही थांबली नाही तर परजीवींसाठी तपासणी करून घ्या.

खाणं बंद झालं म्हणजे आजारच असं नाही. नवीन घर, कात टाकणं, प्रौढांमधली थंडीतली सुस्ती यांतही भूक मरते. पण वजन उतरत असेल तर थांबू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ती वही, ताज्या शीचा नमुना, भुकटीचा डबा आणि दिव्याच्या खोक्याचा फोटो बरोबर न्या. दिवा शेवटचा कधी बदलला, हे ते नक्की विचारतील.