पंप पाठीवर नसला तरी: फवारणीच्या दिवसांत बाईने काय सांभाळायचं

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. मग गावोगावी बैठका झाल्या, मास्क-हातमोजे वाटले. सगळं पंप पाठीवर घेणाऱ्यासाठी. पाणी वाहून आणणारी, संध्याकाळी त्याचे कपडे धुणारी, दुसऱ्या दिवशी त्याच पऱ्हाटीत निंदायला जाणारी बाई बैठकीत मागे बसलेली असते. तिला कोणी काही सांगत नाही. म्हणून बचत गटात मी बायकांना जे सांगते, तेच इथं लिहिते.

फवारणीचं औषध तोंडावाटेच अंगात जातं असं नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं धडधाकट कातडीतूनही शिरतात. वेचणीच्या दिवसांत तर बोंडाच्या टोकांनी आपली बोटं फाटलेली असतात, तिथून आणखी लवकर. बाई पोटुशी असेल तर नाळेतून बाळापर्यंत पोचतं. तेव्हा दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी औषध कालवायला, ड्रमाजवळ उभं राहायला जाऊ नका. घरात अजून सांगायचं नसेल तर पाठ दुखते म्हणा, पण जाऊ नका.

डब्यावरचा त्रिकोण बघायला शिका, त्याला अक्षरओळख लागत नाही. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल किंवा पिवळा असेल तर त्या वावरात मी दोन दिवस पाय ठेवत नाही; डब्यावर जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे दिवस. रोजाने जाणाऱ्या बाईला हे अवघड आहे, मला माहीत आहे. मालकाला एवढं तरी विचारा, ‘काल कोणत्या धुऱ्यापर्यंत मारलं?’ आणि दुसऱ्या टोकाकडून निंदण सुरू करा. लेकराची झोळी बांधायची ती वारा जिकडून येतो त्या बाजूला, फवारलेल्या तासांपासून लांब.

आता कपडे. माझ्या मते बायकांना सगळ्यात जास्त औषध इथूनच लागतं, आणि याकडेच कोणाचं लक्ष नसतं. फवारणीचा शर्ट-पँट घरातल्या कपड्यांच्या ढिगात टाकू देऊ नका. बाहेर खुंटीवर वेगळी पिशवी लावा. धुताना रबरी हातमोजे घाला. सुती मोजे औषध शोषून कातडीलाच चिकटवून ठेवतात. आधी नुसत्या पाण्यात खळबळून काढा, मग गरम पाणी आणि भरपूर साबण, मग पुन्हा एकदा साबण. हे पाणी विहिरीकडे, नाल्याकडे जाऊ देऊ नका. कडक उन्हात वाळवा. त्याच दगडावर, त्याच बादलीत पाळीचं कापड किंवा बाळाची दुपटी धुवायची नाहीत. आणि पाणी न मिसळलेलं औषध ज्या कपड्यावर सांडलं, तो कपडा धुऊन साफ होत नाही. शर्ट नवा असला तरी फेकायचा. यावरून घरी भांडण होईल, होऊ द्या.

बाळ अंगावर पीत असेल तर वावरातून आल्यावर आधी हातपाय धुवा, लुगडं आणि झंपर बदला, मग घ्या. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू खाणाऱ्या बायांनो, तुम्हालाही सांगते: न धुतलेल्या हाताने चिमूट तोंडात टाकली की औषध थेट पोटात. खर्रा सोडा असं मी किती वर्षं सांगते आहे, निदान हात तरी धुवा!

स्वयंपाकघरातला चमचा, वाटी, पेला औषध मोजायला द्यायचा नाही. रिकामा डबा तीनदा विसळायचा, ते पाणी पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची. भोक नसलं की कोणीतरी त्यात रॉकेल नाहीतर बियाणं भरतंच.

लाळ सुटणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, उलटी, छाती भरून येणं, अंगाची फडफड यातलं काही दिसलं तर ऊन लागलं म्हणून झोपवून ठेवू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, केसही धुवा. ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजायचं नाही, दूधही नाही. १०८ ला फोन करा आणि डबा सोबत न्या. मोनोक्रोटोफॉसवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा देतात. डायफेन्थियुरॉन या फवारणीच्या दुसऱ्या औषधाला तसा उतारा नाही, तिथं लक्षणं बघून उपचार करावे लागतात. नाव कळलं नाही तर डॉक्टर अंदाजाने चालतो. पाळी चुकलेली असेल तर तेही तिथंच सांगा, बाजूला सासू उभी असली तरी.