प्रायॉनला विषाणू समजताय? या चुका टाळा

1935 साली ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या ‘लूपिंग इल’ या विषाणूजन्य रोगावर लस निघाली. लागण केलेल्या मेंढ्यांचे मेंदू वाटून त्यात फॉर्मॅलिन घालत. विषाणू निकामी झाला आणि लस हजारो मेंढ्यांना टोचली गेली. पण एका बॅचची लस घेतलेल्या कितीतरी मेंढ्या दोनेक वर्षांनी कुंपणाला अंग घासू लागल्या, लोकर झडली, पाय लटपटू लागले. हा स्क्रेपी होता, म्हणजे प्रायॉनमुळे होणारा मेंढ्यांच्या मेंदूचा रोग, आणि तो लसीतल्या मेंदूंमधूनच आला होता. एकाच बाटलीतला विषाणू फॉर्मॅलिनने मेला आणि प्रायॉन शाबूत राहिला. दोघांतला फरक शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पहिली चूक म्हणजे प्रायॉनला ‘बारीक विषाणू’ म्हणणं. जुन्या पुस्तकांत स्क्रेपी आणि कुरू (माणसांतला असाच रोग) ‘स्लो व्हायरस’खाली सापडतात, तिथूनच हा घोळ येतो. विषाणूकडे डीएनए किंवा आरएनए असतो. तो पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. प्रायॉनकडे जनुकच नाही. ते आपल्याच शरीरातलं, चुकीची घडी पडलेलं प्रथिन. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये त्याला हे नाव दिलं.

ते वाढतं कसं, हे सांगताना विरजणाची उपमा देऊ नका. विरजणात जिवाणू दुधावर जगतात, वाढतात. खडीसाखर आठवा: पाकात सोडलेल्या दोऱ्यावर एक खडा धरला की पाकातली साखर त्याच्याच घाटात त्याला चिकटत जाते. मेंदूतली धडधाकट प्रथिनं तशीच वाकड्या घडीत ओढली जातात.

सॅनिटायझरवर विसंबणं ही सर्वांत धोक्याची चूक. साबण आणि अल्कोहोल कोरोनाचं स्निग्ध आवरण फोडतात. प्रायॉनला आवरणच नाही. 1970च्या दशकात अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने ‘निर्जंतुक’ केलेल्या, मेंदूत घालायच्या इलेक्ट्रोडमधून दोन तरुण रुग्णांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजे सीजेडी हा माणसाच्या मेंदूचा प्रायॉन-रोग झाला. दाबाखालच्या वाफेचं नेहमीचं 121 अंशांचं ऑटोक्लेव्हही इथे भरवशाचं नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेची अवजारं असतील तर सोडियम हायड्रॉक्साइड, तीव्र हायपोक्लोराइट किंवा 134 अंश अशा खास पद्धती लागतात, आणि जमेल तिथे एकदाच वापरून फेकायची अवजारं. रक्त-ऊती वाळू देऊ नका. वाळलेलं प्रथिन पोलादाला घट्ट धरून बसतं.

तपासणीतही तीच गफलत होते. पीसीआर जनुक शोधतो, म्हणून प्रायॉन त्याला दिसत नाही. प्रथिन आपलंच, त्यामुळे शरीर अँटिबॉडी बनवत नाही आणि तापही सहसा येत नाही. पाठीतल्या पाण्याचा साधा रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो. ‘इन्फेक्शन नाही’ म्हणून तिथेच थांबू नका. आरटी-क्विक ही चाचणी त्याच पाण्यात वाकडी घडी पसरते का, ते पाहते.

शेवटची चूक घरात होते. सीजेडीच्या बहुतेक रुग्णांत, साधारण 85 टक्क्यांत, आजार आपोआप सुरू होतो, कुणाकडून लागत नाही. रुग्णाने रक्तदान किंवा अवयवदान करू नये. पण हात धरल्याने, भरवल्याने, अंग पुसल्याने तो पसरत नाही. त्यांचं ताट वेगळं काढू नका.