हत्ती पाहावा तो कानापासून

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर हाथी पोल, म्हणजे हत्ती दरवाजा, आहे, हत्ती मात्र नाही. १५२८ मध्ये बाबराने किल्ला पाहिला, तेव्हा तेथे दगडी हत्ती उभा होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आम्हा मराठी मंडळींना हत्ती आठवतो तो गणपतीच्या मस्तकावरून, त्यामुळे खरा हत्ती समोर आला तरी नजर सोंडेवर आणि सुळ्यांवरच खिळते. २०१८ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानहत्तींनी मध्य प्रदेशातील बांधवगडच्या जंगलात बस्तान बसवले आहे. तेथे जाणाऱ्यांनी सोंडेआधी कान पाहण्याची सवय लावून घ्यावी.

हत्तीच्या कानामागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि कान हलवून तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. म्हणून कान संथ लयीत हलत आहेत, शेपटी झुलते आहे आणि सोंड गवत उपटून पायावर झटकते आहे, असे दिसले की तो निवांत आहे असे समजावे. हलणारे कान एकाएकी थांबून पसरले, शेपटी ताठ झाली आणि मान उंचावली, तर त्याने आपली दखल घेतलेली असते. अशा वेळी हॉर्न न वाजवता गाडी हळूहळू मागे घ्यावी आणि त्याची वाट मोकळी सोडावी. हत्तीण आणि तिचे पिल्लू यांच्यामध्ये तर कधीच येऊ नये.

नंतर गंडस्थळ पाहावे. या शब्दाने पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कपाळावरचे दोन उंचवटे येतात, पण मद पाझरतो तो डोळा आणि कान यांच्यामधील ग्रंथीतून. तेथून तोंडाकडे ओघळलेली काळपट ओली रेघ दिसली आणि मागचे पाय मूत्राने भिजलेले असले, तर तो नर मदात आहे. मग कान कितीही संथ हलत असले तरी त्याच्या जवळ जाऊ नये. ही अवस्था कित्येक आठवडे टिकू शकते.

नर-मादी केवळ सुळ्यांवरून ठरवू नये. बिनसुळ्यांचा नर, म्हणजे मखना, आपल्याकडे आढळतो, तर काही हत्तिणींच्या ओठांखालून लहान दात डोकावतात. कळपाची धुरा बहुधा वयस्क हत्तिणीकडे असते. प्रौढ नर पुष्कळदा एकटाच फिरतो. वयाचा अंदाज पुन्हा कानावरूनच घ्यावा: उतारवयात त्याची वरची कड दुमडते, आणि कानांवर व सोंडेवर गुलाबी ठिपके वाढतात.

सोंडेचे टोक दुर्बिणीतून पाहावे. आपल्या हत्तीला तेथे बोटासारखा एकच उंचवटा असतो, आफ्रिकी हत्तीला दोन.

हत्ती निघून गेल्यावर, वनरक्षकाने परवानगी दिली तरच, चिखलातील ठसा पाहावा. पुढच्या पायाचा ठसा गोल आणि मागच्याचा लांबट असतो. चालताना मागचा पाय पुष्कळदा पुढच्याच्याच ठशावर पडतो, म्हणून स्वच्छ गोल ठसा शोधावा लागतो. त्याच्या कडेने सुतळी फिरवून परीघ मोजावा आणि दुप्पट करावा, की खांद्यापर्यंतची उंची ढोबळमानाने कळते. परीघ १.३५ मीटर भरला, तर तो हत्ती सुमारे २.७ मीटर उंच आहे. सुतळी घरूनच न्यावी, आणि ती ताणणारी नसावी.