कॉल थांबवायचा नाही: आयडाहोत अस्वल बोलावताना

शिकारीत जनावराला जवळ आणायला दुसऱ्या जनावराचा आवाज काढतात, त्याला आणि त्यासाठीच्या शिटीला कॉल म्हणतात. कायोटी, म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानकुत्रा, असा बोलावण्यात हात बसलेली माणसं अस्वलाच्या बाबतीत एकाच ठिकाणी गडबडतात. कायोटीसाठी मिनिटभर आवाज काढायचा, दोन-तीन मिनिटं गप्प राहायचं, वीस मिनिटांत काही आलं नाही तर बस्तान उचलायचं. अस्वलाला हे चालत नाही. पाडसाचा टाहो ऐकून निघालेलं अस्वल आवाज थांबला की थांबतं, बसकण मारतं, समोरचं गवत खायला लागतं आणि आपण कशासाठी निघालो होतो हेच विसरतं. म्हणून आवाज सलग हवा. एका जागी किमान पाऊण तास, जमलं तर तासभर. बाकीची सगळी तयारी या एका गोष्टीच्या हिशेबाने करायची.

मी मूळची बुलढाण्याकडची. आमच्याकडे अस्वल म्हणजे ज्ञानगंगेच्या जंगलाकडून येणारी बातमी: पहाटे शेतात किंवा मोहफुलं वेचायला गेलेल्या कुणावर तरी हल्ला झाला. ते अस्वल वेगळं आणि तिथला कायदाही वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपलं अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. यातलं काही वाचून गंमत म्हणून मेळघाटात आवाज काढून बघायचाही नाही. मी लिहितेय ते अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाबद्दल. आयडाहोत त्याची शिकार दर वसंतात आणि शरदात परवाना-टॅग घेऊन कायदेशीरपणे होते. मला हे शेजारच्या आजोबांनी शिकवलं, आणि माझ्या फुंकण्यावर ते अजूनही नाक मुरडतात.

कागदपत्रं आधी

1 जानेवारी 1975 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आयडाहोत शिकारीचा परवाना घ्यायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. परवान्याबरोबर अस्वलाचा टॅग, म्हणजे एक अस्वल मारायची चिठ्ठी, वेगळा घ्यावा लागतो. एच-वन-बीवर असलेल्यांनी हे नीट वाचा. संघराज्याच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेत मिळालेला चालू शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि तेव्हा बंदूक घरात असणं हा गुन्हा ठरू शकतो. मित्राने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

तोंडाने फुंकायचा कॉल आणि बॅटरीवरचा कॉल यांचे नियम वेगळे असतात. बॅटरीवरच्याला काही राज्यांत साफ मनाई असते, काही ठिकाणी ठरावीक युनिटांतच, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांतच, मुभा. ते दर वर्षी बदलूही शकतं. त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडायची आणि आपल्या युनिटची ओळ वाचायची. मी फुंकायचाच वापरते, त्यामुळे ही कटकट मला नाही.

केव्हा

अस्वलं साधारण एप्रिलपासून गुहेबाहेर पडायला लागतात, नर आधी, पिल्लांवाल्या माद्या सगळ्यात शेवटी. सुरुवातीचे आठवडे ती गुरांसारखी चरतात: दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचं कोवळं गवत, लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवरचं क्लोव्हर, डँडेलायन. तेव्हा कॉलला प्रतिसाद मिळतो, पण बेभरवशाचा. खरा मोसम मेच्या अखेरीस लागतो. एल्क या मोठ्या हरणाची वासरं मेच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जन्मतात आणि म्यूल डिअर या हरणाची पाडसं जूनमध्ये. पहिले काही दिवस ती पळू शकत नाहीत, गवतात दडून पडून राहतात, आणि अस्वलाला हे चांगलं ठाऊक असतं. त्या दिवसांत टाहो म्हणजे जेवणाची वर्दी. काही युनिटांचा वसंत मोसम मात्र मेच्या मध्यालाच संपतो, म्हणून युनिट निवडताना शेवटची तारीख बघून निवडा.

जागा आणि वारा

नुसतं रानात शिरून आवाज काढला तर कधी कधी अस्वल येतंही. मला ती पद्धत आवडत नाही. मी आधी समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने उतार पिंजून काढते. दुपारी चारनंतर अंधारापर्यंतचा वेळ त्याला सगळ्यात चांगला. अस्वल दिसलं की आधी नुसतं बघत बसायचं. मागे पिल्लं आहेत का? एखादं झाडावर चढलंय का? पिल्लांसोबतच्या मादीला मारणं बेकायदा आहे, आणि कॉलवर धावत येणाऱ्या मादीची पिल्लं बरीच मागे राहिलेली असू शकतात. लांबून निवांत बघितलेलं असलं की जवळ आल्यावर घाईत निर्णय घ्यायची वेळ येत नाही. मग ओढा ओलांडून दोन-तीनशे यार्डांवर जायचं आणि तिथून बोलवायचं.

वाऱ्याचं गणित डोंगरात रोज दोनदा बदलतं. सकाळी ऊन तापेपर्यंत थंड हवा उतारावरून खाली सरकते. ऊन चढलं की हवाही वर चढायला लागते. संध्याकाळी उतारावरचं ऊन गेलं की पुन्हा खाली. म्हणजे दुपारी अस्वलाच्या वरच्या अंगाला बसायचं आणि तिन्हीसांजेला खालच्या. मधला पाव-अर्धा तास, सावली उतारावर पसरत असते तेव्हा, हवा कुठेही भरकटते. तेव्हा मी हात आवरते. बिनवासाच्या पावडरची पिचकारी-बाटली खिशात असते. दर थोड्या वेळाने एक फुस्स मारायचं आणि भुकटी कुठे जाते ते बघायचं. गवताची काडी उडवून बघण्यापेक्षा हे बरं, कारण भुकटी हवेत तरंगत नजरेत राहते आणि ती कुठे वळते हेसुद्धा दिसतं.

अस्वल शेवटच्या टप्प्यात बहुतेक वेळा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातं, नाकाने खात्री करायला. ते टाळता येत नाही, म्हणून ती बाजूच उघडी ठेवायची: जुना जळका पट्टा, तोड झालेलं रान किंवा नदीचं पात्र. खालच्या अंगाला दाट झाडी असेल तर ती जागा सोडून द्या, कितीही सुंदर दिसो. पाठीशी आपल्यापेक्षा रुंद खोड किंवा खडक हवा.

आणि हो, शिकारीचं जॅकेट गॅरेजात टांगा. आमच्या घरी फोडणीचा वास पडद्यांत मुरलाय, जॅकेट कसं सुटेल?

आवाज

बाजारात ओपन-रीड आणि क्लोज्ड-रीड असे दोन प्रकार मिळतात. क्लोज्ड-रीडमध्ये पट्टी आत बंद असते. फुंकलं की ठरलेला आवाज येतो, शिकायला सोपा, पण थंडीत लाळेची वाफ आत गोठली की मुका होतो. ओपन-रीडमध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी एका बाकदार नळीवर उघडी असते आणि ती ओठांनी किंवा दातांनी दाबायची असते. ओठ टोकाकडे नेले की आवाज बारीक, मुळाकडे नेले की जाड. एकाच कॉलवर पाडसही निघतं आणि एल्कचं वासरूही. मी हाच वापरते आणि दोन बरोबर ठेवते, एक शर्टाच्या आत, उबेला.

पाडसाचा टाहो करडाच्या ओरडण्यासारखा असतो, फक्त जास्त घायकुतीला आलेला. ‘म्यॅंऽऽ’ असा सेकंद-दीड सेकंदाचा, वर उचलून खाली पडणारा. पोटातून हवा सोडायची आणि शेवटी जबडा सैल करायचा म्हणजे आवाज मोडतो. तो मोडायलाच हवा. सगळे टाहो एकसारखे आले तर ते यंत्र वाटतं. पाच-सहा ओरडा, श्वास घ्या, पुन्हा. सुरुवात हळू करा, कारण अस्वल तुम्हाला न दिसता शंभर यार्डांवर असू शकतं. पाच मिनिटांनी जोर वाढवा. वासरासाठी हाच प्रकार, पण आवाज जाड आणि थोडा लांब.

सहा-सात हजार फुटांवर पाऊण तास सलग फुंकलं की डोकं गरगरतं, ओठ बधिर होतात. म्हणून दोघांनी आळीपाळीने फुंकायचं. सराव गाडीत करा. घरात केला तर काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

अस्वलाच्या पिल्लाच्या टाहोचेही कॉल मिळतात आणि त्यांवर मोठे नर खरंच येतात. पण पिल्लांवाल्या माद्याही येतात, त्याही चिडून. मी तो कॉल विकत घेतलेला नाही.

दोघं असाल तर फुंकणारा मागे आणि बंदूकवाला वीस-तीस पावलं पुढे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, असं बसा. अस्वलाचं लक्ष आवाजाच्या जागेवर असतं, त्यामुळे बंदूकवाल्याची थोडी हालचाल खपून जाते. बसल्या बसल्या एकमेकांची जागा आणि कोणी कुठल्या दिशेला बार टाकायचा नाही ते बोलून घ्या. फुंकणाऱ्याने मागची बाजू राखायची. आयडाहोत मोठ्या जनावरांच्या शिकारीला नारिंगी कपड्यांची सक्ती नाही, तरी मी नारिंगी टोपी घालतेच. पाडसाचा टाहो दुसऱ्या शिकाऱ्यालाही ओढून आणतो. तोही कायोटी किंवा अस्वल शोधत दबकत येत असतो.

फुंकायच्या आधी अंतरं मोजून ठेवा: ते जळकं खोड 40 यार्ड, तो पांढरा दगड 70. बंदुकीवरच्या दुर्बिणीची ताकद सगळ्यात कमीवर ठेवा. अस्वल तीस यार्डांवर असताना नऊपटीच्या काचेत फक्त काळे केस दिसतात.

येतं तेव्हा

सिनेमातल्यासारखं डरकाळी फोडत येत नाही. आधी झुडपाच्या मागे काळोखाचा एक तुकडा जागा बदलतो. मग चेहऱ्याचा तपकिरी भाग दिसतो, मग पुन्हा काहीच नाही. इथेच नवखी माणसं थरारून फुंकायचं विसरतात. फुंकत राहा. बसलं तर आवाज वाढवा, उठून चालायला लागलं तर तसाच ठेवा. मागच्या पायांवर उभं राहिलं तर ते हल्ल्याचं लक्षण नाही, ते बघतंय आणि हुंगतंय. जबडा फटफट वाजवला, फुत्कार सोडला तर त्याला दबाव वाटतोय. अशा वेळी कॉल बंद, उभं राहायचं, माणूस आहे हे शांत आवाजात सांगायचं आणि पाठ न दाखवता मागे सरायचं. पिल्लं दिसली तरी हेच. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा, छातीवर हवा, सॅकमध्ये नाही. तो साधारण 25-30 फुटांवर काम करतो, आणि वारा तोंडावर असेल तर तुमचेच डोळे जाळतो.

ग्रिझली, म्हणजे काळ्यापेक्षा मोठं तपकिरी अस्वल, ओळखता आलीच पाहिजे. अलास्काबाहेर तिला 1975 पासून संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. आयडाहोत ती उत्तरेला पॅनहँडल नावाच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि पूर्वेला यलोस्टोनच्या अंगाला आढळते. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल दालचिनीच्या, तपकिरी, अगदी सोनेरी रंगाचंही असतं. ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो, चेहरा मधे खोलगट, कान आखूड आणि गोल, पुढची नखं लांब. काळ्याचा उंचवटा नसतो, नाकाची रेघ सरळ, कान उंच. मोंटानात तर टॅग घेण्याआधी ही ओळख परीक्षा देऊन सिद्ध करावी लागते. कॉल ग्रिझलीलाही बोलावतो, त्यामुळे तिच्या मुलखात मी अजिबात फुंकत नाही. धाडसाच्या गप्पा मारणारे मारू देत.

बार समोरून टाकायचा नाही. कॉलवर अस्वल नाकासमोर येतं, म्हणून थांबावं लागतं. वळसा घालायला वळलं की आडवं होतं. तेव्हा खांद्याच्या लगेच मागे, उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात. पोटाखालचे लोंबते केस धरून मध्य काढला तर नेम खाली जातो. चरबी आणि केस रक्त अडवतात, म्हणून जिथे बार लागला ती जागा आणि शेवटी दिसलं ती जागा, दोन्ही नजरेत पक्क्या करून मगच उठा.

नंतर

टॅगवर तारीख जागेवरच कापायची. दहा दिवसांच्या आत कवटी आणि कातडी फिश अँड गेम या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या माणसांना दाखवावी लागते. ते एक लहान दात काढून घेतात आणि त्याच्या आतल्या वलयांवरून वय काढतात. कातडीवर लिंगाचा पुरावा राहू द्यावा लागतो, सोलताना हे ध्यानात असू द्या. नखं किंवा कातडी भारतात नातेवाइकांना भेट म्हणून न्यायचा विचारही नको.

मांस मी आणतेच. पांढरी चरबी जितकी निघेल तितकी काढून वेगळी कढवते. मांसाला कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला चांगला झेपतो. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे कृमी असू शकतात. त्यांच्या काही जाती थंडी सहज सोसतात, त्यामुळे डीप-फ्रीझरमध्ये महिनोन्महिने ठेवलं तरी भरवसा नाही. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सियस तापलं पाहिजे. मी तुकडे लहान करते, कुकरमध्ये भरपूर शिजवते आणि सगळ्यात जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसून बघते. स्टेकसारखं आत गुलाबी ठेवायचं नाही.