थ्रॉटल दिला की सेन्सर का गडबडतो? घरी जोडलेल्या ई-सायकलमधला नॉइज शोधताना

स्टँडवर चाक झकास फिरतं. पण फ्लायओव्हरचा चढ लागला की मोटर गचके खाते आणि डिस्प्लेवरचा वेग १८ वरून थेट ६० वर उडी मारतो. अशा वेळी बहुतेक जण आधी नवा सेन्सर मागवतात. सेन्सर क्वचितच दोषी असतो. दोष बहुधा तारा कुठून नेल्या आणि ग्राउंड (सगळ्यांची सामाईक शून्य व्होल्टची तार) कुठे जोडला, यात सापडतो.

आधी हा नॉइजच (सिग्नलच्या तारेत घुसणारा नको तो विद्युत गोंधळ) आहे का ते ठरवा. नॉइज करंटबरोबर वाढतो. कमी जोरात सगळं ठीक आणि जोर पडताच बिघाड, तर नॉइज. केबल हाताने हलवल्यावर फरक पडत असेल तर आत तार तुटलेली आहे. मुंबईतल्या खड्ड्यांत हे जास्त होतं. पहिल्या पावसानंतर सुरू झालं असेल, तर प्लग उघडून पिनांवर हिरवा-पांढरा गंज दिसतो का बघा.

आता मोजमाप. मागचं चाक उचला, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, प्लग न काढता मागच्या बाजूने प्रोब खुपसा. हॉल प्लगच्या (मोटर कुठे फिरली हे चुंबकांवरून ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचा प्लग) लाल आणि काळ्या तारेत ४.५ ते ५ व्होल्ट हवेत. मग काळ्याच्या तुलनेत पिवळी, हिरवी, निळी एकेक करून बघत चाक अगदी हळू फिरवा: प्रत्येक तार जवळजवळ ० आणि ५ यांत उड्या मारायला हवी. गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसलेली) असेल तर चाक उलटं फिरवा. सुलटं फिरवलं तर आतल्या फ्रीव्हीलमुळे मोटर जागची हलत नाही आणि चांगला सेन्सर मेला असं वाटतं. एखादी तार एकाच आकड्यावर अडकली असेल, तर सेन्सर किंवा तार गेलेली आहे. तिथे फिल्टर लावून काही होणार नाही.

पुढचं काम बॅटरी काढून. ४८ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना ५४.६ व्होल्ट देते आणि कंट्रोलरच्या (मोटरला वीज देणाऱ्या डब्याच्या) कॅपॅसिटरमध्ये तो चार्ज काही वेळ साठून राहतो, म्हणून डिस्प्ले पूर्ण विझू द्या. मोटर आणि हॉलचे प्लग सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारी सेटिंग) घ्या आणि मोटरच्या बाजूने प्रत्येक जाड फेज तार (मोटरला वीज नेणारी) आणि प्रत्येक बारीक हॉल तार यांच्यात जोड आहे का तपासा. बीप आली तर तिथेच थांबा: अ‍ॅक्सलच्या नटाजवळ बहुधा इन्सुलेशन घासलं आहे. तसंच चालवलं तर फेजचं व्होल्टेज ५ व्होल्टच्या लाइनीत घुसून हॉल आणि कंट्रोलर दोन्ही जाळेल.

बीप नसेल तर तारांच्या वाटा बघा. फेज तारांतला २०-२५ अँपिअर करंट कंट्रोलर सेकंदाला साधारण १५ ते २० हजार वेळा तोडतो-जोडतो. अ‍ॅक्सलपाशी हॉल आणि फेज एकाच केबलमधून येतात, तिथे इलाज नाही. खरा घोळ पुढे होतो: उरलेली केबल गुंडाळून सगळ्याची एकच मोळी कंट्रोलरच्या पिशवीत कोंबलेली असते. फेज तारा कापून आखूड करा आणि तिन्ही एकत्र बांधा. थ्रॉटल, पेडल असिस्ट आणि स्पीड सेन्सरच्या तारा ५-७ सेंटिमीटर लांबून न्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. तार वाढवायला लॅनचा पॅच कॉर्ड उत्तम, कारण आत पिळलेल्या, लवचिक जोड्या असतात. भिंतीतून नेतात ती लॅन केबल मात्र नको. तिच्या एकसंध तारा हादऱ्यांनी तुटतात.

ग्राउंडचा घोळ याहून फसवा. थ्रॉटलची काळी तार सोयीसाठी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली आणि वाटेतल्या ढिल्या कनेक्टरचा रोध ०.०५ ओहम असला, तर २० अँपिअरला तिथे १ व्होल्ट पडतो. थ्रॉटल हाताने तेवढाच धरलेला, पण कंट्रोलरला तो सोडल्यासारखा वाटतो. पॉवर तुटते, करंट घटतो, फरक मिटतो, पॉवर परत येते. गचके याचेच. सेन्सरचा ग्राउंड नेहमी कंट्रोलरच्या सेन्सर प्लगमधल्या बारीक काळ्या तारेलाच जोडा. लाइट-हॉर्नचा स्वस्त कन्व्हर्टर सोडवून एक फेरी मारा. कधी कधी नॉइज तोच करतो.

एवढ्याने भागलं नाही तरच पार्ट लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सगळे मिळतात. हॉल प्लगपाशी ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कॅपॅसिटर. कंट्रोलरच्या बाजूला प्रत्येक हॉल सिग्नल आणि ग्राउंडमध्ये १०३ (०.०१ मायक्रोफॅरड). त्याच हॉल सिग्नल आणि ५ व्होल्टमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर. यात सिग्नलला उशीर सुमारे २२ मायक्रोसेकंदांचा. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटरला सेकंदाला साधारण ३.४ फेरे घेतं. चुंबकांच्या २३ पोल-जोड्या असलेल्या डायरेक्ट (बिनगिअरच्या) हबमध्ये हॉलचं एक आवर्तन १३ मिलिसेकंदांचं, त्यापुढे हा उशीर नगण्य. पण ‘मोठा म्हणजे चांगला’ म्हणून १०३ च्या जागी १ मायक्रोफॅरड लावलात तर उशीर २ मिलिसेकंदांवर जातो, मोटर घरघरते आणि तापते. सिग्नलच्या तारेत मोठा रेझिस्टर घालू नका, नाहीतर ० ची पातळी वर चढते.

क्लिपचा फेराइट (केबलवर बसणारा, नॉइज अडवणारा तुकडा) लावायचा तर हॉल केबलचे तीन वेढे, कंट्रोलरजवळ. शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) असलेली केबल वापरली तर शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला जोडा, दुसरं टोक मोकळं.

प्लग बंद करताना सिलिकॉन ग्रीस भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट नको, ते तांबं खातं. अ‍ॅक्सलपाशी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी त्याच चढावर, तेवढाच थ्रॉटल देऊन तपासा.